डेप्थ कॅमेऱ्यांचे हार्डवेअर समकालन

डेप्थ कॅमेऱ्यांचे हार्डवेअर समकालन म्हणजे एकाच दृश्याकडे रोखलेल्या दोन किंवा अधिक डेप्थ कॅमेऱ्यांना विद्युत स्पंदाच्या साहाय्याने एकाच क्षणी, किंवा एकमेकांपासून ठरावीक कालांतराने, चित्रण करायला लावण्याची पद्धत होय. या पद्धतीत बहुधा एक कॅमेरा मुख्य असतो. तो प्रत्येक फ्रेमबरोबर एक स्पंद पाठवतो आणि दुय्यम कॅमेरे त्या स्पंदानुसार आपले चित्रण सुरू करतात. काही मांडण्यांमध्ये स्पंद निर्माण करण्याचे काम स्वतंत्र उपकरणाकडे असते.

त्रिमितीय चित्रण, चालीचे विश्लेषण, यंत्रमानवशास्त्र आणि आभासी वास्तव या क्षेत्रांत या पद्धतीचा उपयोग होतो. समकालनातील बिघाड सहसा उघडपणे दिसत नाही. केबल निसटली तरी अनेक कॅमेरे चित्रे पाठवत राहतात आणि पडद्यावर सर्व काही सुरळीत भासते. म्हणून समकालन जोडणे आणि ते खरोखर होत असल्याची खात्री करणे, ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात.

## गरज

डेप्थ कॅमेरा चित्रातील प्रत्येक पिक्सेलसाठी समोरच्या पृष्ठभागाचे अंतर मोजतो. एका कॅमेऱ्याला वस्तूची एकच बाजू दिसते, त्यामुळे संपूर्ण वस्तू किंवा व्यक्ती टिपण्यासाठी तिच्याभोवती अनेक कॅमेरे मांडावे लागतात. प्रत्येक कॅमेऱ्याकडून मिळालेला त्रिमितीय बिंदूंचा संच, म्हणजेच बिंदुमेघ, इतरांशी जुळवून एकसंध आकृती तयार केली जाते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पॅनॉप्टिक स्टुडिओमध्ये ४८० व्हीजीए कॅमेरे आणि ३१ एचडी कॅमेऱ्यांच्या जोडीला १० किनेक्ट संवेदक बसवण्यात आले होते.

दृश्य स्थिर असेल तर चित्रणाच्या क्षणांतील फरकाने काही बिघडत नाही. दृश्य हलते असेल तर मात्र फरक लगेच अंतरात रूपांतरित होतो. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममध्ये सुमारे ३३.३ मिलिसेकंद जातात. असे दोन कॅमेरे स्वतंत्रपणे चालत असतील, तर त्यांच्या सर्वांत जवळच्या फ्रेममध्येही १६.७ मिलिसेकंदांपर्यंत फरक असू शकतो. या अवधीत सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालणारी व्यक्ती २.३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरणारा हात ८ सेंटिमीटरांहून अधिक सरकतो, तर ताशी १४० किलोमीटर वेगाचा क्रिकेटचा चेंडू सुमारे ६५ सेंटिमीटर अंतर कापतो. परिणामी जोडलेल्या आकृतीत एकाच हाताच्या दोन आकृत्या उमटतात किंवा गुडघ्याचा कोन चुकीचा मोजला जातो. रुग्णाच्या चालीवरून निष्कर्ष काढायचा असेल, तर अशी चूक दिसण्यापुरती राहत नाही. ती थेट मोजमापात शिरते.

## कॅमेऱ्यांचे प्रकार आणि परस्पर व्यत्यय

समकालनाकडून काय अपेक्षित आहे, हे कॅमेऱ्याच्या कार्यतत्त्वावर अवलंबून असते.

संरचित प्रकाश : हे कॅमेरे अवरक्त ठिपक्यांचा ज्ञात नमुना दृश्यावर टाकतात आणि तो कसा विस्थापित झाला यावरून अंतर काढतात. नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला किनेक्ट या प्रकारचा होता. दोन किनेक्टचे नमुने एकमेकांवर पडले की चित्रात अंतर न मोजलेल्या मोकळ्या जागा दिसत. त्याला बाह्य स्पंद देण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी छोट्या मोटरने किनेक्ट थरथरत ठेवण्याची युक्ती मांडली. थरथरणाऱ्या कॅमेऱ्याला स्वतःचा नमुना स्थिर दिसतो, कारण प्रक्षेपक आणि संवेदक एकत्रच हलतात. इतरांचे नमुने मात्र त्याला पुसट दिसतात.

सक्रिय स्टिरिओ : यात दोन अवरक्त संवेदकांच्या चित्रांची तुलना करून अंतर काढले जाते. प्रक्षेपक केवळ साध्या भिंतीसारख्या पृष्ठभागाला पोत देण्यापुरता असतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचे ठिपके पडले तरी पोतात भरच पडते, त्यामुळे व्यत्ययाचा प्रश्न सहसा येत नाही. २०१८ मध्ये आलेले इंटेल रिअलसेन्स डी४१५ आणि डी४३५ हे कॅमेरे या वर्गातील आहेत. येथे समकालनाचा हेतू केवळ चित्रणाचा क्षण एक करणे हा असतो.

प्रकाशाचा प्रवासकाळ : या प्रकारात, म्हणजेच टाइम ऑफ फ्लाइट कॅमेऱ्यात, कॅमेऱ्याने सोडलेला लेसर प्रकाश वस्तूवरून परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतात. दोन कॅमेऱ्यांचे लेसर एकाच वेळी पेटले तर एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या मापनात मिसळतो. म्हणून येथे समकालनाला दुहेरी काम करावे लागते. कॅमेरे जवळजवळ एकत्र चालावेत, पण त्यांचे लेसर नेमके एकाच क्षणी पेटू नयेत.

## कार्यपद्धती

### ॲझ्युअर किनेक्ट

२०१९ मध्ये आलेल्या आणि २०२३ मध्ये उत्पादन थांबवण्यात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर किनेक्टवर ३.५ मिलिमीटरचे दोन जॅक असतात. त्यांपैकी एक स्पंद बाहेर पाठवण्यासाठी आणि दुसरा आत घेण्यासाठी आहे. हे जॅक बाहेरील आवरणाखाली झाकलेले असतात. साखळी जोडणीत प्रत्येक कॅमेऱ्याचा बाहेरचा जॅक पुढील कॅमेऱ्याच्या आतल्या जॅकला जोडतात. अशा रीतीने एक मुख्य आणि आठ दुय्यम असे नऊ कॅमेरे जोडता येतात. तारा जोडणीत मुख्य कॅमेऱ्याचा स्पंद विभाजकाद्वारे दोन दुय्यम कॅमेऱ्यांना देतात.

हा कॅमेरा एका अंतरचित्रासाठी नऊ वेळा लेसर पेटवतो. प्रत्येक वेळी लेसर फक्त १२५ मायक्रोसेकंद चालू राहतो आणि नंतर चित्रणप्रकारानुसार १,४५० किंवा २,३९० मायक्रोसेकंद बंद असतो. दुसऱ्या कॅमेऱ्यांचे लेसर याच मोकळ्या अवधीत पेटवले जातात. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याला आधीच्या कॅमेऱ्याहून किमान १६० मायक्रोसेकंदांचा विलंब दिला जातो. नऊ कॅमेऱ्यांच्या साखळीत पहिल्या आणि शेवटच्या कॅमेऱ्यांत मिळून १,२८० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो १.३ मिलिसेकंदांहून कमी असल्याने माणसाच्या हालचाली टिपताना बहुतेक उपयोगांत चालतो.

### रिअलसेन्स डी४०० मालिका

डी४१५ आणि डी४३५ यांच्या मागील बाजूस नऊ पिनांचा जोडक असतो. त्यातील पाचवी पिन समकालनाच्या स्पंदासाठी आणि नववी पिन ग्राउंडसाठी असते. स्पंदाची पातळी १.८ व्होल्ट असते. कॅमेरा मुख्य की दुय्यम, हे सॉफ्टवेअरमधील एका मूल्याने ठरते : ० म्हणजे मूळ स्थिती, १ म्हणजे मुख्य आणि २ म्हणजे दुय्यम. दुय्यम स्थितीतील कॅमेऱ्याला स्पंद मिळाला नाही, तर तो स्वतःच्या घड्याळावर चित्रण चालू ठेवतो.

याउलट ॲझ्युअर किनेक्टचा दुय्यम कॅमेरा स्पंद येईपर्यंत चित्रे देत नाही. पहिल्या पद्धतीत काम अडत नाही, पण बिघाड लपतो. दुसऱ्या पद्धतीत काम थांबते, पण बिघाड लगेच कळतो.

## घड्याळांतील फरक

प्रत्येक कॅमेऱ्याचे अंतर्गत घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारख्या वारंवारतेने कंप पावत नाहीत. दोन घड्याळांत दशलक्षामागे २० भागांचा फरक असेल, तर ती दर मिनिटाला १.२ मिलिसेकंदांनी एकमेकांपासून दूर जातात. ३० फ्रेमच्या गतीने चालणाऱ्या कॅमेऱ्यांत अशा फरकाने सुमारे २८ मिनिटांत पूर्ण एका फ्रेमचे अंतर पडते. स्फटिकाची वारंवारता तापमानानुसारही बदलते, त्यामुळे कॅमेरे तापत असताना हा फरक स्थिर राहत नाही.

यामुळेच दोन कॅमेरे एकाच आज्ञेने एकाच वेळी सुरू करणे म्हणजे समकालन नव्हे. सुरुवातीच्या काही मिनिटांत ते जुळलेले वाटतात आणि पुढे हळूहळू सुटतात. थोड्या वेळाच्या चाचणीत हा दोष सापडत नाही.

## कालमुद्रांचा अर्थ

प्रत्येक फ्रेमवर नोंदवलेल्या वेळेस कालमुद्रा म्हणतात. कालमुद्रा सारख्या आल्या म्हणजे समकालन झाले, हा या विषयातील सर्वांत सामान्य गैरसमज आहे. कालमुद्रा कोणत्या घड्याळाची आहे, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

कालमुद्रा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाची असेल, तर स्वतंत्रपणे चालणारा प्रत्येक कॅमेरा आपल्या घड्याळाप्रमाणे अचूक ३३.३३ मिलिसेकंदांनी फ्रेम घेतो. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या शंभराव्या आणि हजाराव्या फ्रेमच्या कालमुद्रांतील फरक जवळजवळ तोच राहतो. प्रत्यक्षात कॅमेरे एकमेकांपासून सुटत असले तरी आकडे मात्र जुळलेले दिसतात. समकालन खरोखर होत असेल तर उलट घडते. दुय्यम कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्या तालावर चालतो, पण वेळ स्वतःच्या घड्याळाने मोजतो. परिणामी दोघांच्या कालमुद्रांतील फरक सावकाश, पण एकाच दिशेने वाढत जातो. या स्थितीत कालमुद्रांचे सरकणे हे समकालन चालू असल्याचे लक्षण ठरते.

कालमुद्रा संगणकाच्या घड्याळाची असेल, किंवा सॉफ्टवेअरने त्या घड्याळाशी जुळवलेली असेल, तर अर्थ बदलतो. तेव्हा समकालित कॅमेऱ्यांतील फरक दीर्घकाळ स्थिर राहतो आणि असमकालित कॅमेऱ्यांतील फरक सरकत जातो. मात्र फ्रेम संगणकापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ प्रत्येक वेळी थोडा कमीजास्त असतो. त्यामुळे एकेका फ्रेमकडे न पाहता अनेक मिनिटांचा कल पाहावा लागतो.

## बिघाडाची सामान्य कारणे

### जोडणी आणि विद्युत बाजू

* केबलची दिशा उलटी असणे. साखळी जोडणीत एक केबल चुकली तरी तिच्या पुढील सर्व कॅमेऱ्यांना स्पंद मिळत नाही. म्हणून शेवटचे काही कॅमेरेच बंद असतील, तर दोष बहुधा पहिल्या बंद कॅमेऱ्याच्या मागच्या केबलमध्ये असतो.
* स्पंदाची पातळी न जुळणे. १.८ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्टच्या सूक्ष्मनियंत्रकाचा स्पंद थेट दिल्यास कॅमेऱ्याला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी मध्ये पातळी बदलणारा परिपथ लागतो.
* ग्राउंडची तार न जोडणे. स्पंदाची पातळी ग्राउंडच्या तुलनेत मोजली जात असल्याने केवळ स्पंदाची तार जोडून भागत नाही.
* लांब, आच्छादन नसलेली केबल. तारेतून संकेत जाण्यास मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे १० मीटर केबलमुळे होणारा विलंब नगण्य असतो. खरी अडचण आसपासच्या विद्युत उपकरणांमुळे तारेत शिरणाऱ्या खोट्या स्पंदांची आणि क्षीण होणाऱ्या संकेताची असते. ॲझ्युअर किनेक्टसाठी १० मीटरांपेक्षा आखूड केबलची शिफारस आहे.

स्पंद तपासण्यासाठी मल्टिमीटर पुरेसा नसतो. १०० मायक्रोसेकंद रुंदीचा १.८ व्होल्टचा स्पंद सेकंदाला ३० वेळा आला, तर त्याची सरासरी जेमतेम ५ मिलिव्होल्ट भरते आणि तार तुटल्यासारखी वाटते. त्यासाठी ऑसिलोस्कोप वापरतात आणि मोजणी साखळीतील शेवटच्या कॅमेऱ्यापाशी केली जाते.

### मांडणी आणि सुरुवातीचा क्रम

* दोन कॅमेरे मुख्य म्हणून नोंदले जाणे किंवा एकही मुख्य नसणे. काही कॅमेरे वीज बंद होताच मूळ स्थितीत परततात. त्यामुळे काल चाललेली मांडणी आज चालत नाही.
* मुख्य कॅमेरा आधी सुरू करणे. दुय्यम कॅमेरे आधी सुरू करून त्यांना स्पंदाची वाट पाहू द्यावी लागते आणि मुख्य कॅमेरा सर्वांत शेवटी सुरू केला जातो. क्रम उलटा झाल्यास सुरुवातीचे काही स्पंद वाया जातात आणि फ्रेमचे क्रमांक जुळत नाहीत.
* ॲझ्युअर किनेक्टमध्ये मुख्य कॅमेऱ्याचा रंगीत कॅमेरा बंद असणे. तो बंद असेल तर समकालन चालत नाही.
* कॅमेऱ्यांची फ्रेमगती वेगवेगळी असणे. ॲझ्युअर किनेक्टचा सर्वाधिक विभेदनाचा विस्तृत कोनाचा प्रकार सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच चालतो. एका कॅमेऱ्यावर तो निवडला तर इतरही त्याच गतीवर आणावे लागतात.
* स्वयंचलित एक्सपोजर. प्रत्येक कॅमेऱ्यासमोरचा उजेड वेगळा असल्याने त्यांचे एक्सपोजर वेगळे ठरते आणि रंगीत चित्रांचे मध्यक्षण सरकतात. अंधाऱ्या जागेत एक्सपोजर फ्रेमच्या अवधीहून लांबले तर फ्रेमगतीच घटते. यासाठी एक्सपोजर हाताने निश्चित केले जाते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने विजेचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते टाळण्यासाठी एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवणे सोयीचे असते.

### माहितीचे वहन आणि फ्रेमच्या जोड्या

कित्येकदा कॅमेरे अचूक समकालित असतात, पण संगणक चुकीच्या फ्रेमच्या जोड्या लावतो. १२८० × ७२० पिक्सेलचे १६ बिटांचे अंतरचित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट माहिती वाहून न्यावी लागते. रंगीत चित्राची माहिती त्याहून वेगळी. एकाच यूएसबी नियंत्रकावर अनेक कॅमेरे आले की मार्ग अपुरा पडतो आणि मधूनच फ्रेम गळतात.

सॉफ्टवेअर फ्रेमच्या जोड्या केवळ अनुक्रमाने लावत असेल, तर एक फ्रेम गळताच पुढील सर्व जोड्या ३३ मिलिसेकंदांनी चुकतात आणि चित्रण संपेपर्यंत चुकीच्याच राहतात. यावर उपाय म्हणून समान घड्याळावर आणलेल्या कालमुद्रांचा वापर करून, अर्ध्या फ्रेमच्या अवधीपेक्षा कमी फरक असलेल्या फ्रेमच जोडल्या जातात. जोडीदार न सापडलेली फ्रेम वगळली जाते. कॅमेरे वेगवेगळ्या यूएसबी नियंत्रकांवर विभागल्याने मूळ गळतीही कमी होते.

## प्रत्यक्ष पडताळणी

कालमुद्रांवर विसंबून न राहता समकालन तपासण्याचा मार्ग म्हणजे वेळ दाखवणारी वस्तूच सर्व कॅमेऱ्यांसमोर ठेवणे.

एका पद्धतीत एलईडी दिव्यांच्या दोन ओळी वापरतात. पहिल्या ओळीतील दहा दिवे प्रत्येकी १ मिलिसेकंद, तर दुसऱ्या ओळीतील दहा दिवे प्रत्येकी १० मिलिसेकंद क्रमाने पेटतात. सर्व कॅमेऱ्यांच्या एकाच जोडीतील चित्रांत तेच दिवे पेटलेले दिसले, तर समकालन मिलिसेकंदाच्या मर्यादेत आहे असे म्हणता येते. केवळ पहिली ओळ पुरेशी नसते. ती दर १० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू होत असल्याने १० किंवा २० मिलिसेकंदांची चूक तीत लपते. डेप्थ कॅमेऱ्यांसमोर बहुधा अवरक्त गाळणी असते, म्हणून त्या गाळणीतून जाणाऱ्या तरंगलांबीचे दिवे निवडावे लागतात.

अशी साधने नसतील तर एका पात्यावर खूण केलेला पंखाही चालतो. मिनिटाला ३०० फेऱ्या घेणाऱ्या पंख्याचे पाते दर मिलिसेकंदाला १.८ अंश फिरते. अर्ध्या फ्रेमची चूक असल्यास दोन चित्रांतील पात्यांच्या स्थानांत सुमारे ३० अंशांचा फरक दिसतो आणि तो नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. चाचणी सुरुवातीला एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा घेतल्यास सावकाश सुटणारे कॅमेरेही सापडतात.

## निदानाचा क्रम

बिंदुमेघ जुळत नसल्यास तो दोष समकालनाचाच असेल असे नाही. कॅमेऱ्यांची परस्पर स्थाने चुकीची मोजली गेली असतील, म्हणजे कॅलिब्रेशन बिघडले असेल, तरी आकृती दुहेरी दिसते. दोहोंतील फरक स्थिर वस्तूने ओळखता येतो. स्थिर वस्तूही दुहेरी दिसत असेल तर दोष कॅलिब्रेशनचा असतो. स्थिर वस्तू नीट जुळते, पण हलती वस्तू गतीच्या दिशेने दुभंगते आणि वेग वाढवल्यावर भेग रुंदावते, तर दोष वेळेचा असतो. हलत्या वस्तूभोवतीच नव्हे, तर स्थिर भिंतीवरही अंतरे थरथरत असतील, तर लेसरच्या परस्पर व्यत्ययाची शक्यता असते. एक वगळता सर्व कॅमेरे झाकले किंवा बंद केले असता थरथर थांबली, तर ती शक्यता पक्की होते.

दोष वेळेचा असल्याचे ठरल्यावर पुढील क्रम उपयुक्त ठरतो :

# फक्त दोन कॅमेरे आणि एक आखूड केबल ठेवून तपासणे.
# दोघांची मुख्य-दुय्यम नोंद, फ्रेमगती आणि एक्सपोजर वाचून पाहणे. दिलेले मूल्य कॅमेऱ्याने स्वीकारले की नाही, हे परत वाचल्याशिवाय कळत नाही.
# मुद्दाम केबल काढणे. केबल काढल्यावर काहीच बदलले नाही, तर आधीही समकालन नव्हते.
# प्रत्येक कॅमेऱ्याच्या फ्रेम मोजून गळती तपासणे.
# पंखा किंवा दिव्यांची चाचणी घेणे.
# एकेक कॅमेरा वाढवत प्रत्येक टप्प्यावर तीच चाचणी पुन्हा करणे.

## मर्यादा आणि पर्याय

हार्डवेअर समकालनाने चित्रणाचा क्षण एक होतो, पण कॅमेऱ्यांची घड्याळे एक होत नाहीत. त्यामुळे कालमुद्रांचे जुळवणे सॉफ्टवेअरकडेच राहते. एकाच कॅमेऱ्यातील रंगीत आणि अंतराचे चित्रही नेहमी एकाच क्षणाचे नसते. डी४३५ मधील रंगीत संवेदक रोलिंग शटर पद्धतीने ओळीमागून ओळ टिपतो, तर अंतर मोजणारे संवेदक ग्लोबल शटर पद्धतीने संपूर्ण चित्र एकाच वेळी टिपतात.

ईथरनेटवर चालणाऱ्या औद्योगिक कॅमेऱ्यांत स्वतंत्र केबलऐवजी आयईईई १५८८ हा कालजुळणीचा प्रोटोकॉल वापरता येतो. तो प्रथम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००८ व २०१९ मध्ये सुधारण्यात आला. यात कॅमेऱ्यांची घड्याळेच जाळ्यातून एकमेकांशी जुळवली जातात आणि सर्व कॅमेऱ्यांना भावी क्षणी चित्रण करण्याची आज्ञा देता येते. केबल जोडणे शक्य नसेल तेथे टाळी किंवा दिव्याचा झोत अशी एखादी घटना सर्व चित्रणांत शोधून ती नंतर जुळवतात. या मार्गाने जवळची फ्रेम सापडते, पण फ्रेमअंतर्गत फरक आणि लेसरचा परस्पर व्यत्यय दूर होत नाहीत.

## हे सुद्धा पहा

* किनेक्ट
* बिंदुमेघ
* संगणकीय दृष्टी
* क्वार्ट्झ घड्याळ